बेल न वाजणारी गाडी

१४ जून १९८१, रविवार

सकाळी वसंता आला. हातात ट्रकचं स्टेअरिंग, भंगारातून आणलेलं. चहाला बसला तरी ते मांडीवरच. शालिनी असती तर आधी बाहेर ठेवायला लावलं असतं, सख्खा भाऊ असला तरी. मी बशी पुढे सरकवली.

वसंताचं भद्रकालीत पंखे दुरुस्तीचं दुकान. पंखे कमी, कल्पना जास्त. मागे विजेवर हलणारा पाळणा केला होता, त्यात मूल ठेवायला कोणी तयार होईना. आता नवरात्रातल्या यात्रेसाठी मोटार चालवायचा खेळ काढतो आहे. लाकडी पेटी, वर काच. आत कापडाचा पट्टा, त्यावर रस्ता रंगवलेला. शिलाई मशीनच्या मोटारीवर पट्टा फिरतो, म्हणजे रस्ता आपल्या अंगावर येतो. पुढे पत्र्याची छोटी मोटार, ती स्टेअरिंगने डावी-उजवी करायची. रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या रंगवायच्या आणि प्रत्येकीवर तांब्याची पट्टी चिकटवायची. आपली मोटार पट्टीला लागली की बेल. तीन बेल झाल्या की खेळ संपला.

"गाड्या तुम्ही काढायच्या, दाजी. जन्म ड्रॉइंग ऑफिसात गेला तुमचा."

म्हटलं, रस्त्यावरच्या बघ आणि तूच रंगव.

"रस्त्यावर आहेत किती? मोजून तीन जाती. त्याच बघायला लोक यात्रेत पैसे देतील? नवीन पाहिजेत. कोणी कधी न पाहिलेल्या."

बघू म्हणालो. त्याने हो धरलं. जाताना म्हणाला, "आक्का गेल्यापासून तुम्ही नुसते घरात..." पुढचं बोलला नाही. बरं झालं.

१६ जून

पाऊस. ऑफिसची एकलहऱ्याची बस उशिरा. जेवणाच्या सुट्टीत एक गाडी काढली. वरून दिसते तशी, प्लॅन. लांबी, रुंदी, चाकांमधलं अंतर सगळं टाकलं.

संध्याकाळी वसंताला दाखवली. कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा. "दाजी, ही साबणाची वडी आहे."

म्हटलं, रस्ता वरून दिसतो तर गाडीही वरून दिसणार.

"गाडीला तोंड पाहिजे. दिवे, जाळी. लोक तोंड बघून चुकवतात."

याला काय सांगणार.

२१ जून, रविवार

रस्ता वरून आणि गाड्या पुढून. हाताला सवय नाही, तीन कागद फुकट गेले. चौथा जमला. एम-१ नाव दिलं. वसंताला नाव पसंत नाही. "हे काय खोकल्याचं औषध आहे?"

मग नावांवर बसलो. देवाचं नाव नको. वसंताने सप्तशृंगी सुचवलं, मी म्हटलं, लोक तिला धडकणार आहेत. त्याने जीभ चावली. पुढाऱ्याचं नको, त्याला धडकायला रांग लागेल. नदीचं चालेल? नको, पाप. शेवटी डोंगरावर आलो. ब्रह्मगिरी. त्र्यंबकचा डोंगर, आडवा, बसका. गाडीही तशीच काढली. वसंता खूष. "धडकला तरी डोंगराला काय होतंय."

दुसरी छोटी. नाव चिवडा. ती चालताना वाजते, असं वसंता म्हणतो. जी गाडी नाहीच ती वाजते कशी, हे विचारलं नाही.

२९ जून

ऑफिसात पगारेंनी पाहिलं. पगारे शेजारच्या टेबलावर, माझी ड्रॉइंगं तेच तपासतात आणि त्यांची मी. बावीस वर्षांत आमचं खासगी बोलणं फार नाही. शा. गेली तेव्हा ते स्मशानात शेवटपर्यंत थांबले, तेराव्यानंतर ऑफिसात गेलो तेव्हा म्हणाले, "शीट नंबर चारवर तारीख राहिली आहे." त्या दिवशी तेवढंच बरं वाटलं.

आज ब्रह्मगिरी हातात घेऊन म्हणाले, "हे कोणत्या प्रोजेक्शनमध्ये?"

म्हटलं, यात्रेच्या.

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "रेडिएटरला जागा नाही." मी म्हटलं, खेळातली गाडी आहे, वीतभर. "वीतभर असली तरी इंजिन तापणारच ना, निकम."

रेडिएटरला जागा केली. नाक दोन सूत पुढे आलं. खरं तर आधीपेक्षा चांगली दिसते.

१२ जुलै, रविवार

पाच गाड्या झाल्या. ब्रह्मगिरी, चिवडा, वादळ (वसंताची मागणी, लाल, मागे शेपटासारखं काहीतरी), मालेगाव मेल (टपावर सामान आणि चार माणसं), पाचवी डॉक्टरची गाडी, पांढरी, तिला नाव नाही. डॉक्टरची म्हटलं की पुरे.

वसंता उतावळा. "डिकीचं माप कशाला? डिकी उघडत नाही." पगारे डिकीचं माप नसेल तर सही करत नाहीत. खाली 'काढले', 'तपासले', 'मंजूर' असे तीन रकाने आहेत. दोन भरतात. 'मंजूर'मध्ये वसंताची सही घेतली. त्याने इंग्रजीत केली, खाली दोन रेघा ओढल्या.

चार संध्याकाळी बऱ्या गेल्या. स्वयंपाक खानावळीचा. भाजीत तेल फार.

२६ जुलै

सहावी जीप. विशेष काही नाही. वसंता म्हणतो एक अजून पाहिजे, सात बरी दिसतात.

काही सुचत नाही. पेन्सिलींना टोकं केली.

२ ऑगस्ट, रविवार

सातवी काढली. बसलो आणि झाली.

शा.ला गाडी लागायची. त्र्यंबकला जायचं तरी हातात लिंबू. खिडकीची जागा नसेल तर पुढच्या बसने जायची. मी एकटा पुढे जाऊन स्टँडवर थांबलेला आहे, किती वेळा. म्हणायची, तुम्ही कारखान्याची एवढी चित्रं काढता, एक गाडी काढा, जिची काच पूर्ण खाली जाते. सीट खचणार नाही अशी. पाय टेकतील अशी. पिशवी अडकवायला खुंटी. आणि पेट्रोलचा वास न येणारी. मी म्हणायचो, अशी गाडी निघत नाही.

आज निघाली. उंच पाठ, मोठ्या खिडक्या, पायरी खाली. पेट्रोलची टाकी पार मागे. मोटारीत ती एकदाच बसली, चैत्रात, दवाखान्यात जाताना. तेव्हाही खिडकीशी.

रंग पिवळा. तो मी ठरवला नाही, डब्यात तोच शिल्लक होता.

३ ऑगस्ट

पगारेंनी सातवी पाहिली. नेहमीप्रमाणे लाल पेन्सिल काढली. "बसणाऱ्याची उंची धरली किती? टप ठेंगणा वाटतो."

"चार फूट दहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि शाईने सही केली. एकही दुरुस्ती नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

९ ऑगस्ट

वसंताने सातवी उचलली. "खिडकी केवढी ही. एवढी कशाला?"

म्हटलं, उलटी येते ना.

त्याने कागद खिडकीशी नेला. मग म्हणाला, "खुंटी कुठंय?" दाखवली. दाराच्या आत आहे, दिसत नाही, पण काढली आहे.

"नाव काय द्यायचं?"

नाव नको म्हटलं. ठीक आहे म्हणाला. खिशातून रुमाल काढून स्टेअरिंग पुसलं, तेच ट्रकचं. अजून बरोबर घेऊन फिरतो.

१३ सप्टेंबर, रविवार

दिवसभर वसंताच्या दुकानात. पट्टा रंगवून वाळला. गाड्या छान बसल्या आहेत, खाली नावं. एकच गोष्ट. पुलापाशी डावीकडे पिवळी आणि उजवीकडे ब्रह्मगिरी, मधे जागा फार कमी. वसंता म्हणतो हीच खरी गंमत, इथे निम्मे लोक आपटणार.

म्हटलं, पिवळी दुसरीकडे घे.

"आता कुठं घेऊ? रस्ता रंगवून झाला, झाडं झाली, पूल झाला. दाजी, चित्र आहे."

चित्र आहे हेच तो तीन महिने मला सांगत होता.

तांब्याच्या पट्ट्या चिकटवायचं काम माझ्याकडे, हात स्थिर म्हणून. सहा गाड्यांना लावल्या. सातवीची पट्टी कापली, मागे सरस लावला. मग ठेवून दिली. लोक येणार, हसत हसत तिच्यावर गाडी घालणार आणि वर बेल वाजणार. ते मला जमलं नाही. गाडीच तांब्यासारखी पिवळी, पट्टी आहे की नाही ते काचेतून कळत नाही.

वसंताने चालवून पाहिलं. तो पंख्यावाला असला तरी हात चांगला आहे, मधल्या फटीतून बरोबर गेला. त्याला काही कळलं नाही.

२९ सप्टेंबर

यात्रा सुरू. पेटी पाळण्याच्या आणि भेळेच्या मधे. वर पाटी: 'मोटार चालवा, घरी सुखरूप जा'. वसंताची भाषा. गर्दी बरी. बायका जास्त हसतात, पुरुष जास्त आपटतात आणि मग स्टेअरिंगला दोष देतात.

ऑफिस सुटल्यावर रोज जायचं ठरवलं आहे. मागे स्टुलावर बसतो. कोणाशी बोलावं लागत नाही.

१ ऑक्टोबर

कळलं.

एका पैलवानासारख्या माणसाने पुलापाशी सरळ पिवळीवर घातली. बेल नाही. तो थांबला. पट्टा फिरून पुन्हा आली, पुन्हा घातली. बेल नाही. "ए मिस्त्री, ही पिवळी लागतच नाय."

वसंताने माझ्याकडे पाहिलं. मी भेळेकडे.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आरपार जातीय ती. भूत हाय भूत."

तासाभरात सगळ्या यात्रेत झालं. लोक पाळणा सोडून इकडे. एक आजीबाई काचेबाहेरून नमस्कार करून गेली. जो येतो तो पुलापाशी पिवळीतून जातो आणि ओरडतो. ब्रह्मगिरीला आता कोणी आपटत नाही.

घरी येताना वसंता एवढंच म्हणाला, "सरस कमी पडला होता का, दाजी?"

हो म्हणालो.

३ ऑक्टोबर

पगारे कुटुंबासह आले. मिसेस पगारे आणि दोघी मुली मागे उभ्या. पगारे पेटीसमोर बसले, वळताना हात बाहेर काढून इशारा दिला, मागच्या माणसाच्या पोटात लागला. पुलापर्यंत एकही बेल होऊ दिली नाही. पुलापाशी पाय आपटत म्हणाले, "ब्रेक कुठे आहे?"

ब्रेक नाही, वसंता म्हणाला.

"ब्रेक नाही?" पगारे उठलेच. ब्रह्मगिरीला लागून बेल वाजली तरी तिकडे लक्ष नाही. "निकम, गाड्या मी तपासल्या. हे मशीन माझ्यासमोर आलं नव्हतं. माझी सही यावर धरू नका."

मुली हसून बेजार. जाताना पगारे माझ्या जवळ येऊन हळू म्हणाले, "पिवळीवर नाही घातली मी." माहीत आहे म्हटलं.

४ ऑक्टोबर, रविवार

दुपारी नांदगावकडचे एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, नवीन चपला. खेळले नाहीत. काचेतून बराच वेळ बघून मला म्हणाले, "ही ब्रह्मगिरी कुठं बुक करायची?"

म्हटलं, ही गाडी नाही मिळत.

"ते म्हाईत हाय. नंबर लागायला किती वर्सं?"

"ही निघतच नाही. मी काढली आहे."

"तुमीच काढली? मग तर लय झालं. माझं नाव लिवा. स्कूटरला सात वर्सं थांबलोय, हिला धा थांबंल."

वसंताने मधे पडून सांगितलं की अशी गाडीच नाही, कधी नव्हती. गृहस्थांनी मान हलवली. "बंद केली व्हय. चांगली गाडी दिसली की हे लोक बंदच करत्यात." मला समजावल्यासारखं खांद्यावर हात ठेवून गेले. तोंडावरून मी कंपनीतला वाटलो असेन, आणि दुःखीही.

हे शा.ला सांगायला पाहिजे होतं. तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत तीनदा पुन्हा सांगायला लावलं असतं.

५ ऑक्टोबर

ऑफिसातून यात्रेत गेलो तर नवीन बोर्ड. काळ्यावर लाल, थेंब ओघळलेले: 'भुताची पिवळी गाडी, आरपार जा, छाती असेल तर'.

वसंताला बाजूला घेतलं. काढ म्हटलं.

"का? सगळी यात्रा तिच्यासाठी येते."

"काढ."

"दाजी, धंदा आहे."

"तुझी बहीण आहे ती."

हे मी मोठ्याने बोललो. भेळवाला बघायला लागला. वसंताचा चेहरा उतरला, मग त्यालाही राग आला. मी त्याला कधी रागावलेला पाहिला नव्हता. म्हणाला, "मला माहीत नाही का? खुंटी कोणी विचारली होती? पण पट्टी मी काढली नाही. तुम्ही लावली नाही. तुम्ही तिला भूत केलंत, मी नुसती पाटी लावली."

बसने घरी आलो. रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आणि त्यावर काय ठेवायचं तेच आठवेना.

६ ऑक्टोबर

गेलो नाही. 

विचार केला. पट्टी लावली तर लोक तिला धडकणार, दर खेळात, दोन-दोनदा. नाही लावली तर भूत. पिवळीवर रंग मारून रस्ता केला तर दोन्ही नाही. पण मग तीही नाही.

पगारेंना विचारलं, ड्रॉइंग म्हणून. ते म्हणाले, "इतर सहांना आहे तर सातवीलाही हवी, नियम एकच." थोड्या वेळाने परत आले. "मी हे ऑफिसातलं सांगितलं."

ऑफिसबाहेरचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

वसंता सकाळीच घरी. पेटीची पूजा आहे, चला. म्हटलं, या वर्षी आम्हाला सण नाही.

"सण तुम्हाला नाही. मशीनला आहे."

गेलो. बोर्ड जागेवर. पेटीला झेंडूचा हार, स्टेअरिंगला कुंकू. वसंताने चाकाखाली लिंबू ठेवायचं म्हणून चाक शोधलं, पेटीला चाक नाही. शेवटी मोटारीच्या पुलीखाली ठेवलं. सुरू केल्यावर लिंबाचा रस भेळवाल्याच्या शर्टावर. त्याने रागावण्याऐवजी शर्टाचा वास घेतला. यात्रेत कोणी फार रागावत नाही.

नारळ फुटला. वसंता म्हणाला, पहिला खेळ तुमचा. तीन महिने या गाड्या काढल्या आणि एकदाही चालवल्या नव्हत्या.

बसलो. स्टेअरिंग जड आहे. डॉक्टरची चुकवली, चिवडा चुकवला. पूल आला. डावीकडे पिवळी. आरपार जायला काही हरकत नव्हती, वाजणार नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत. हात आपोआप उजवीकडे गेला. ब्रह्मगिरी, बेल. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्याला तेच. खेळ संपला. मागे पोरं-बाया हसत होत्या. "बाबा, पिवळीतून जायचं असतं. घाबरला का?"

वसंता हसला नाही. मला उठवून स्वतः बसला. मधल्या फटीतून जाणारा माणूस. आज पुलापाशी आला आणि फट सोडून थेट ब्रह्मगिरीवर. बेल. पुन्हा. पुन्हा. गिऱ्हाइकांना वाटलं मशीन बिघडलं. दोघं-तिघं दुसरीकडे गेले.

उठला, नाक ओढलं. म्हणाला, "आज धूळ फार आहे." होती.

दुपारी भेळ खाताना विचारलं, "पट्टी लावू का?"

मी भेळेतला कांदा बाजूला केला.

"पाटी काढू?"

तरी कांदाच.

"मग दाजी, काहीतरी सांगा ना. आक्का असती तर आत्तापर्यंत आपल्या दोघांना..."

या वेळीही वाक्य पुरं केलं नाही. मी केलं. म्हटलं, आपल्या दोघांना बाजूला सारून तीच बसली असती. आणि पहिल्यांदा कोणावर घातली असती?

वसंताने विचार केला. "वादळवर. लाल रंग तिला आवडायचा नाही."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत नाही.

यात्रा संपत आली. दिवाळीनंतर वसंता पेटी दुसऱ्या गावच्या यात्रेला नेणार. संध्याकाळी त्याने भुताचा बोर्ड उतरवून भिंतीला टेकवला, अक्षरं आतल्या बाजूला. पुसला नाही. तांब्याची पट्टी डब्यात तशीच आहे. रविवारी दुकानात या, बसून ठरवू म्हणाला. आधी लाल रंगाचं सगळं सांग, मग बघू म्हटलं.